स्पोर्ट्स कारचे डिस्क ब्रेक चीं चीं का करतात आणि ते बंद कसं करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचं सगळं मुख्यतः पोर्शे ९११, बॉक्स्टर, केमन या गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण ब्रेकच्या आवाजाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा त्यांचीच होते. पण चार किंवा सहा पिस्टनचा फिक्स्ड कॅलिपर (म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा, जागेवर पक्का बसवलेला ठोकळा) असलेली कुठलीही जोरदार गाडी असली तरी नव्वद टक्के तेच लागू पडतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ब्रेकची पकड कमी करून शांतता विकत घ्यायची नाही. पॅड मोकळा हलला पाहिजे, त्याच्या पाठीमागची थरथर शोषली गेली पाहिजे आणि पॅड-डिस्कची जोडी नीट बसली पाहिजे, एवढं झालं की रस्त्यावरच्या पॅडचा आवाज बहुतेक वेळा आपोआप जातो.

ब्रेक किंचाळतात तेव्हा आत नेमकं काय होत असतं?

पॅड डिस्कवर दाबला जातो तेव्हा तो सलग घासत जात नाही, अगदी बारीक बारीक चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि ही थरथर डिस्कच्या, पॅडच्या किंवा कॅलिपरच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की ती दाबली न जाता वाढतच जाते. व्हायोलिनच्या तारेवर गज ओढल्यावर तार वाजते ना, तोच प्रकार. कानावर येतो तो बहुतेक वेळा डिस्कचाच आवाज असतो, कारण एवढा मोठा चपटा बिडाचा पत्रा हवा हलवायला एकदम सोयीचा. या किंचाळीची पट्टी साधारण १ किलोहर्ट्झच्या वर, पार १५-१६ किलोहर्ट्झपर्यंत कुठेही असू शकते.

आणि ती गाडी थांबता थांबताच का येते असं सगळे विचारतात. बऱ्याच पॅडच्या मालाचं घर्षण वेग कमी होत गेला की थोडं वाढतं, म्हणजे चिकटा-सुटीचा खेळ शेवटच्या १०-२० किलोमीटरच्या वेगात सगळ्यात जोरात चालतो. त्यात आपण सिग्नलला येताना पेडलवर नुसता पाय टेकवून येतो, हलका दाब आणि कमी वेग, किंचाळीला याच्याहून चांगली परिस्थिती नाही.

साध्या हॅचबॅकचे ब्रेक गप्प असतात, मग एवढ्या महागड्या गाडीचे का ओरडतात?

कारण दोघांची कामं वेगळी आहेत. साध्या गाडीचा पॅड शांतता आणि कमी धूळ यासाठी बनवलेला असतो, त्याला २०० वरून परत परत थांबायचं नसतं. स्पोर्ट्स कारच्या पॅडमध्ये स्टीलचे तंतू आणि धातूची पूड जास्त असते, गरम झाल्यावरही पकड सुटू नये म्हणून, आणि असा माल थंड असताना बोलका असतो. शिवाय साध्या गाडीचा कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो, रबरी बुशमध्ये थोडी थरथर जिरते. फिक्स्ड कॅलिपर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ताठ ठोकळा, दोन्ही बाजूंनी पिस्टन, पेडलचा फील अप्रतिम पण थरथर जिरवायला जागा कमी.

हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे हेही लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, त्यात तांब्याचं अस्तर धातूच्या डिस्कवर घासायचं आणि आवाज असह्य व्हायचा, मग काही वर्षांनी हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आणलं तेव्हा कुठे जरा शांतता झाली. हेच फ्रूड फेरोडो कंपनीचे संस्थापक. पुढे १९५३ ला जॅग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकवर फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, १९६३ ला पोर्शेच्या ३५६ सी ला चारही चाकांना डिस्क आले आणि मग मागे वळून बघणं नाही. तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की पकड आणि शांतता यांच्यात कायम घासाघीस राहणार.

हा आवाज धोक्याचा आहे का? गाडी चालवू की उभी करू?

नुसती बारीक, उंच शिट्टी, पेडल नॉर्मल, गाडी सरळ थांबतेय, पॅडमध्ये माल आहे, तर धोका नाही. चालवा.

पण हे आवाज वेगळे ओळखायला शिका. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर, म्हणजे पॅडचा माल संपून पाठीचा पत्रा डिस्कला लागला असू शकतो, त्या क्षणी गाडी बाजूला आणि टो करून गॅरेजला. ब्रेक न दाबताच सतत येणारी शीळ जी ब्रेक दाबल्यावर थांबते, त्या गाडीला झीज दाखवणारी पत्र्याची पट्टी असेल तर पॅड संपत आल्याची खूण समजा. पोर्शेमध्ये ती पट्टी नसते, इलेक्ट्रिक सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्यामुळे पोर्शेत चीं चीं आली म्हणजे पॅड संपले असा हिशोब लावू नका, आणि आवाज नाही म्हणजे पॅड आहेत असाही नको. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून पॅडचा माल बघा, २-३ मिलिमीटर उरला असेल तर बदलायचे.

स्टिअरिंग किंवा पेडल थडथडत असेल तर तो किंचाळीचा विषयच नाही, तिथे डिस्कची जाडी असमान झालेली असते किंवा डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्या भागाला लागतात त्यावर, वाकडी बसलेली असते. गाडी एका बाजूला ओढत असेल, एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागत असेल, जळका वास येत असेल तर पिस्टन अडकलाय असं धरून चाला आणि वाट बघू नका.

सकाळी पहिल्यांदा गाडी काढली, किंवा धुतली, किंवा पाऊस पडला की आवाज येतो, मग जातो. काय करू?

काही नाही. डिस्क बिडाची असते, रात्रभरात दमट हवेत तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो, मुंबईत समुद्राजवळ पार्किंग असेल तर पावसाळ्यात काही तासांतच डिस्क नारिंगी दिसते. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो थर घासून जातो. गाडी धुतल्यावर तशीच पार्क करू नका, सोसायटीच्या बाहेर एक चक्कर मारून दोन-चारदा नीट ब्रेक लावा, डिस्क गरम होऊन कोरडी होईल आणि मग लावा. एवढ्या साध्या सवयीने निम्म्या लोकांची तक्रार मिटते.

गाडी महिना महिना उभी असते, त्याने फरक पडतो का?

खूप पडतो. महिन्याभरात गंज वरवरचा राहत नाही, पॅड जिथे टेकलेला असतो त्याच्या आकाराचा छाप डिस्कवर उमटतो आणि पुढे कित्येक दिवस प्रत्येक फेऱ्याला तिथे आवाज येतो. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी फिरवा, नुसती जागेवर चालू करून ठेवण्याचा ब्रेकला काही उपयोग नाही. सपाट बंदिस्त जागा असेल तर जास्त दिवस उभी ठेवताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि चाकाला अडवायला ठोकळा लावा. ९११ आणि केमनमध्ये हँडब्रेकचे शू मागच्या डिस्कच्या आत असलेल्या छोट्या ड्रमवर बसतात, ते दमट हवेत चिकटले की मागून येणारा आवाज लोक पॅडचा समजतात.

आवाज नक्की कुठल्या चाकातून येतोय हे कसं शोधायचं?

काचा खाली करा, एका बाजूला कंपाउंडची भिंत असलेल्या रस्त्यावरून हळू जा आणि हलका ब्रेक लावा, आवाज भिंतीवर आपटून परत येतो. मग उलट दिशेने या. पुढचं की मागचं हे ठरवायला कोणालातरी फूटपाथवर उभं करा. रिव्हर्समध्ये ब्रेक लावून बघा, फक्त पुढे जाताना येतो आणि रिव्हर्सला नाही तर पॅडच्या पुढच्या कडेवर संशय जातो. ब्रेक न लावता सतत खर्र खर्र येत असेल आणि वळणावर कमी-जास्त होत असेल तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकलाय, आपल्याकडे रस्त्याची कामं कायमच चालू असल्याने हे फार होतं, पत्रा जरासा वाकवला की खडा पडतो.

पॅड काढून साफसफाई करायची म्हणजे नक्की काय काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर. गॅरेजमध्ये "साफ केलं" म्हणतात तेव्हा बहुतेक ठिकाणी डिस्कवर ब्रेक क्लीनर मारलेला असतो, बस. त्याने काही होत नाही कारण घाण डिस्कवर नसतेच, ती पॅड जिथे सरकतो तिथे असते.

पॅडच्या पाठीच्या पत्र्याच्या दोन टोकांना कान असतात, ते कॅलिपरमधल्या खाचेत पुढे-मागे सरकले पाहिजेत. ब्रेकची धूळ, चिखल आणि गंज मिळून तिथे दगडासारखा थर बसतो. मग ब्रेक सोडल्यावर पॅड मागे येत नाही, डिस्कला चाटून राहतो आणि शिट्टी सुरू होते. तर खाच वायर ब्रशने, हाताच्या वायर ब्रशने, नीट घासायची, ड्रिलला लावलेला ब्रश रबरी सीलच्या जवळ नेऊ नका. पॅडचे कान कानशीने हलके घासून रंगाचे पोपडे आणि गंज काढायचा. नवीन पॅडवरसुद्धा कधी कधी कानावर रंगाचा जाड थर असतो आणि तो घट्ट बसतो, अशा वेळी हातोडीने ठोकून बसवणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा, पॅड हाताने सरकला पाहिजे. पॅड धरून ठेवणाऱ्या पिना आणि स्प्रिंगच्या पत्र्यांवर चर पडलेले असतील तर ते बदला, फार महाग नसतात.

बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम कॅलिपरमध्ये या खाचेत स्टीलच्या पातळ पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. पट्टीच्या खाली अ‍ॅल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी गंजाची पूड धरते, ती फुगते, पट्टी उचलली जाते आणि पॅड चिमटीत धरल्यासारखा जाम होतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अशा देशांत, म्हणजे इंग्लंडला किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा त्रास हमखास होतो, तिथे पट्टी काढून खालची जागा साफ केल्याशिवाय वरून कितीही घासलं तरी आवाज परत येणार.

मग पिस्टन. पॅड काढल्यावर एकेक पिस्टन मागे ढकलून बघा, सगळे सारख्या जोराने मागे जातात का. एखादा अडला तर पॅड वाकडा दाबला जातो, वाकडा झिजतो आणि ओरडतो. तिथे रबरी सीलचा किट टाकावा लागेल. जुना पॅड हातात घेऊन दोन्ही टोकांना माल मोजा, एका टोकाला जास्त झिजला असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

सरकत्या कॅलिपरची गाडी असेल तर त्याच्या सरकत्या पिना बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा, सिलिकोनचं ब्रेक ग्रीस लावा, रबरी बूट फाटलेत का बघा.

पॅडच्या मागचे डॅम्पर किंवा शिम म्हणजे काय, ते बदलायलाच हवेत का?

हो. यावर पैसे वाचवू नका. पोर्शेच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पॅडच्या पाठीला चिकटणाऱ्या गोल चकत्या असतात, त्यांचं दुसरं टोक पिस्टनच्या पोकळीत घट्ट बसतं. त्यांचं काम पॅडची थरथर पिस्टनपर्यंत पोचू न देणं, आणि पॅडला पिस्टनसोबत मागे खेचणं. एकदा पॅड उचकटला की त्यांचा गोंद गेला, तोच डॅम्पर परत लावून नवीन पॅड टाकले की दोन आठवड्यांत चीं चीं चालू, आणि मालक बिचारा पॅडच्या ब्रँडला दोष देत बसतो. नवीन पॅडची ऑर्डर देतानाच डॅम्पर सेट मागवा. लावताना पॅडची पाठ ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडी करा, नाहीतर गोंद धरत नाही. ज्या पॅडला कारखान्यातूनच रबर आणि स्टीलच्या थरांचा शिम चिकटवलेला येतो तिथे वरून आणखी शिम घालू नका, पॅड बसायला जागा उरत नाही.

रेसचे पॅड वापरणारे लोक उष्णतेमुळे हे डॅम्पर काढून टाकतात, ट्रॅकसाठी ते ठीक आहे पण मग रस्त्यावर आवाजाची तक्रार करायची नाही.

कुठली पेस्ट लावू? तांब्याची चालेल का?

अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरला सिरॅमिक पेस्ट वापरा. तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि ओलावा एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खराब व्हायची शक्यता असते, म्हणून तांब्याची पेस्ट मी टाळायला सांगतो. लावायची ती पॅडच्या कानांवर आणि कान जिथे टेकतात तिथे, नखावर मावेल एवढी, पातळ पुसून. जास्त लावली तर तीच धूळ धरून ठेवते आणि सहा महिन्यांत पुन्हा दगड. चिकटणारे डॅम्पर असतील तर पॅडच्या पाठीला पेस्ट अजिबात नको.

साधं गाडीचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल ब्रेकच्या आसपास नेऊ नका, ब्रेकमधली रबरं पेट्रोलियम ऑइलने फुगतात आणि पिस्टन जाम होतो.

डिस्कवर मारायचा स्प्रे मिळतो, तो मारून आवाज जातो म्हणतात?

डिस्कच्या किंवा पॅडच्या घासणाऱ्या बाजूवर गंज सोडवायचा स्प्रे, सिलिकोन, साबण, काहीही मारायचं नाही. आवाज जाईल कारण पकड जाईल, आणि हा प्रयोग करून घाट उतरणारा माणूस स्वतःसोबत समोरच्यालाही घेऊन जाईल. तिथे फक्त ब्रेक क्लीनर, जो उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. पॅडवर ऑइल सांडलं असेल तर तो पॅड टाकून द्या, माल सच्छिद्र असतो, ऑइल आत मुरतं.

नवीन पॅड टाकले, सगळं नीट बसवलं, तरी आवाज. आता?

बेडिंग, म्हणजे ठरावीक पद्धतीने ब्रेक लावून नवीन पॅड डिस्कवर बसवणं, केलं का? बहुतेक वेळा नाही हेच उत्तर येतं. पॅड बदलून गाडी थेट ट्रॅफिकमध्ये जाते, दिवसभर हलके ब्रेक, पॅडचा माल डिस्कवर नीट पसरतच नाही, पॅडचा वरचा थर चकचकीत कडक होतो आणि मग तो काचेसारखा वाजतो. ब्रेकची खरी पकड निव्वळ खरवडण्यातून येत नाही, पॅडच्या मालाचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो आणि पॅड त्या थरावर धरतो.

करायचं असं: पहाटे, कोरडा, मोकळा, सपाट रस्ता बघा, मागे कोणी नाही याची खात्री. घाटात नाही, उतारावर नाही. ८० वरून १५-२० पर्यंत मध्यम ते जोरकस ब्रेक, एबीएस लागेल इतका नाही, आणि पूर्ण थांबायचं नाही, पाय सोडून परत ८० पर्यंत जायचं. मध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवा. असं आठ-दहा वेळा. शेवटी शेवटी ब्रेकचा वास येईल, पेडल जरा घट्ट वाटेल, ते योग्य आहे. मग दहा मिनिटं जवळपास ब्रेक न वापरता गाडी चालवत ठेवा म्हणजे डिस्क हवेने थंड होतील. या काळात थांबून पेडल दाबून धरलंत तर गरम पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी उमटतो आणि पुढे थडथड सुरू होते, म्हणून रस्ता असा निवडा की सिग्नल किंवा टोलनाका मध्ये येणार नाही.

पॅड बनवणाऱ्याने स्वतःची पद्धत छापली असेल तर तीच पाळा, प्रत्येक मालाची गरज वेगळी. जुन्या पॅडलाही अधूनमधून असा डोस दिला तर शहरात चालवून चालवून आलेली चीं चीं कित्येकदा तिथेच जाते, आणि खर्च फक्त पेट्रोलचा.

पॅड चकचकीत झाले असतील तर घासून चालतात का?

चालतात. सपाट फरशीवर ८० ते १२० नंबरचा पॉलिशपेपर ठेवा आणि पॅड त्याच्यावर आठच्या आकड्यात फिरवा, चमक गेली की पुरे. डिस्कही त्याच नंबरच्या पेपरने गोल गोल घासा म्हणजे जुना थर निघतो, आणि दोन्ही ब्रेक क्लीनरने पुसून परत बेडिंग. मास्क घाला आणि धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

पॅडच्या कडाही बघा. डिस्क ज्या बाजूने पॅडखाली शिरते ती कड काटकोनात असेल तर ती डिस्कमध्ये खुपते आणि थरथर सुरू करते. चांगल्या पॅडला ही कड आधीच तिरकी तासलेली येते. नसेल तर कानशीने दोन्ही टोकांना ४५ अंशात ३-४ मिलिमीटर तासा, चारही पॅडला सारखी. मला विचाराल तर साफसफाई आणि डॅम्परनंतर सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडतो.

पॅडचा ब्रँड बदलू का?

आधी वरचं सगळं करा. त्यानंतरही आवाज असेल तर आपण गाडी कशी चालवतो हे स्वतःशी खरं बोला. रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा लोणावळा, तर कंपनीचा रस्त्यावरचा पॅड किंवा चांगला सिरॅमिक पॅड बरा. पगिड आरएस २९ सारखा ट्रॅकचा पॅड लावून बांद्र्याच्या सिग्नलला ओरडतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तो गरम व्हायलाच बनवलाय. दोन्हीच्या मधले पॅडही मिळतात, फेरोडो डीएस २५०० हे त्यातलं जुनं नाव, पण तेही थंड असताना थोडं बोलतात.

पॅडच्या कडेला दोन अक्षरं छापलेली असतात तीही वाचा. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असलेला स्वस्त पॅड जोरदार गाडीला लावू नका, शांत असला तरी पसरणी घाट उतरून वाईत येईपर्यंत तो विरघळल्यासारखा वाटेल. अक्षरांवरून आवाज मात्र कळत नाही.

एकाच डिस्कवर आलटून पालटून वेगळ्या मालाचे पॅड वापरत असाल, म्हणजे चेन्नईच्या ट्रॅकवर जाताना एक आणि परत आल्यावर दुसरे, तर प्रत्येक वेळी जुना थर घासून नवीन बेडिंग करायला लागेल. शक्य असेल तर ट्रॅकच्या पॅडसोबत डिस्कचाही वेगळा सेट ठेवा.

डिस्क लेथवर मारून घेऊ का?

आवाजासाठी म्हणून शक्यतो नको. किंचाळीचं मूळ बहुतेक वेळा डिस्कमध्ये नसतंच, आणि लेथवर मारली की डिस्क पातळ होते, उष्णता कमी सहन करते. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने नाही तर मायक्रोमीटरने मोजा, कारण बाहेरच्या कडेला उरलेला काठ व्हर्नियरला फसवतो. तो काठ मोठा असेल आणि नवीन पॅड त्याला घासत असेल तर मात्र आवाज येतो, तेव्हा डिस्क बदलायची वेळ जवळ आलीये. डिस्कवर निळसर-काळे डाग असतील तर तिथे बीड फार तापून कडक झालंय, हे डाग खोलवर असतात, लेथने वरून गेले तरी परत दिसतात.

डिस्क बदलताना हबचा चेहरा लख्ख करा, गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तरी डिस्क डगडगते. डायल गेज लावून ही डगडग मोजता आली तर फारच चांगलं, ती ०.०५ मिलिमीटरच्या आत असावी. आणि चाकाचे बोल्ट हवेच्या गनने नाही, टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने.

भोकं पाडलेल्या किंवा चर असलेल्या डिस्कने आवाज कमी होतो का?

नाही. चर असलेली डिस्क उलट जोरात ब्रेक लावल्यावर घरघर करते, तो तिचा स्वभाव आहे. भोकांमध्ये धूळ बसली असेल तर साफ करा, आणि भोकांच्या कडेला केसासारख्या चिरा दिसतात का बघत राहा, एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत किंवा बाहेरच्या काठापर्यंत चीर पोचली की डिस्क बाद.

पिवळे कॅलिपर आहेत, कार्बन-सिरॅमिक. हेच सगळं लागू होतं का?

सगळं नाही. पोर्शेने २००१ च्या ९११ जीटी२ मध्ये ते स्टँडर्ड दिले, डिस्कचं वजन बिडाच्या जवळजवळ निम्मं. त्यांना गंज नाही, पण ओले किंवा थंड असताना ते बोलतात आणि दोन-तीन जोरकस ब्रेकनंतर गप्प होतात. डिस्कवर पॉलिशपेपर अजिबात नाही, पॅड फक्त त्यांच्यासाठीचेच, आणि चाक काढता-घालताना गाइड पिना वापरा, चाक डिस्कच्या काठावर आपटलं आणि टवका उडाला तर एका डिस्कचा खर्च डोळे पांढरे करतो.

पांढरे कॅलिपर असतील तर ती बिडाची डिस्कच आहे पण वर टंगस्टन कार्बाइडचा थर, २०१७ च्या कायेनपासून आलेली. तिथेही घासाघीस नको आणि दुसऱ्या कुठल्या पॅडचे प्रयोग नकोत.

सर्व्हिस सेंटर म्हणतं "सर हे नॉर्मल आहे". मान्य करायचं?

अर्धवट. थंड, ओल्या, हलक्या ब्रेकचा आवाज खरंच नॉर्मल असतो. पण गाडी गरम झाल्यावर, कोरड्या रस्त्यावर, प्रत्येक सिग्नलला येत असेल तर नुसतं नॉर्मल म्हणून परत पाठवणं बरोबर नाही. भांडू नका, नेमकं विचारा: पॅड काढून बघितले का, कान आणि खाचा साफ केल्या का, डॅम्पर नवीन टाकले का, पिस्टन सगळे मोकळे आहेत का, बेडिंग कोणी केलं. आवाजाचा व्हिडिओ घेऊन जा, वेग आणि गाडी किती वेळ चालली होती हे लिहून द्या, आणि मेकॅनिकला बाजूला बसवून चक्कर मारा. तोंडी सांगितलेलं जॉब कार्डवर "ब्रेक नॉइज" एवढंच उतरतं.

ब्रेक ऑइल बदललं तर आवाज जाईल का?

नाही, संबंध नाही. पण दर दोन वर्षांनी बदलाच, ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत आलेला चालतो असं प्रमाण आहे, आणि आपल्या दमट हवेत तिथे पोचायला वेळ लागत नाही.

हे सगळं घरी करता येईल का?

हाताला पान्यांची सवय असेल तर येईल. नुसत्या जॅकवर गाडीखाली किंवा चाकाशेजारी काम करू नका, जॅक स्टँड हवेतच. कॅलिपर काढला तर तो ब्रेकच्या पाइपला लटकवू नका, तारेने वर बांधा. पिस्टन मागे ढकलताना बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर येतं, ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं, म्हणून आधी थोडं काढून ठेवा आणि फडकं ठेवा. इलेक्ट्रिक हँडब्रेकची मोटर मागच्या कॅलिपरवरच असेल अशा गाड्यांना सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय मागचे पिस्टन ढकलू नका, ९११ आणि केमनला वेगळा ड्रम असल्याने ही अडचण येत नाही. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे काही विसरलं तर दुसरी बाजू बघता येते.

आणि काम झाल्यावर गाडी चालू करून, जागेवरच, पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दोन-तीन वेळा पेडल थेट खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. पेडल घट्ट झालं, डबीतली पातळी बघितली, मगच गिअर टाकायचा.